अमळनेरचे भांडवल, बंगळुरूचा संगणक

स्मरणिका समितीने मला 'संगणक आणि सॉफ्टवेअर उद्योगाचा संक्षिप्त इतिहास' हा विषय दिला तेव्हा मला हसूच आले. आपल्या १९८५च्या दहावीच्या बॅचमधले कितीतरी जण याच धंद्यात आहेत. कोणी हिंजवडीला, कोणी बंगळुरूला, दोघे तर अमेरिकेत. मी अमळनेर सोडले नाही. बी.कॉम. केले, बँकेत क्लार्क म्हणून लागलो आणि आता निवृत्तीला थोडी वर्षे उरली आहेत. मी ग्रुपवर विचारले, मीच का? उत्तर आले, "आम्हाला प्रोग्राम लिहिता येतो, लेख नाही. आणि शेअरची गोष्ट तुलाच माहीत आहे." तेव्हा संगणकाचा इतिहास मी आपल्या गावातून जसा दिसतो तसाच लिहिणार आहे. तज्ज्ञ मित्रांनी चुका पोटात घालाव्यात.

सुरुवात १९४५च्या डिसेंबर महिन्यापासून करतो. त्या महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फियाला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात 'एनियाक' नावाचे यंत्र पहिल्यांदा खऱ्या कामाला लागले. सुमारे १८,००० व्हॉल्व्ह, ३० टन वजन आणि एक मोठी खोली भरून तारा. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगाला दाखवले गेले. ते चालवण्याची जुळणी सहा तरुणींनी केली होती आणि त्यांची नावे पुढे कितीतरी वर्षे कोणी घेतली नाहीत, हे जाता जाता सांगतो, कारण आपल्या वर्गात गणितात पहिल्या येणाऱ्या मुलीच असायच्या.

त्याच डिसेंबरात, २९ तारखेला, महंमद हुसेन हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड' ही कंपनी स्थापन केली. कारखाना अमळनेरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी त्या वेळी काडीचाही संबंध नव्हता. तिकडे तोफगोळ्यांचे आणि बॉम्बचे हिशेब, इकडे भुईमुगाच्या तेलाचे वनस्पती तूप. कारखान्यासाठी अमळनेर का, हे आपल्याला पुस्तकात वाचायची गरज नाही. सगळ्या खान्देशात शेंग पिकत होती, सुरत-भुसावळ रेल्वे गावातून जात होती आणि प्रताप शेठजींच्या मिलमुळे कारखाना म्हणजे काय हे गावाला ठाऊक होते. प्रताप कॉलेजही त्याच १९४५ सालचे. तेल गाळायचे, निकेलच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिसळायचा, ते गोठले की डब्यात भरायचे. डब्यावर 'सनफ्लॉवर'. उरल्यासुरल्यातून कपड्यांचा साबण, '७८७'. आपल्यापैकी ज्यांची घरे स्टेशनच्या बाजूला होती त्यांना तो तेलाचा वास अजून आठवत असेल.

कंपनीचे शेअर १९४६ मध्ये लोकांना विकले गेले. एक शेअर १०० रुपयांचा. त्या काळात १०० रुपये म्हणजे चेष्टा नव्हती. तरी गावातल्या व्यापाऱ्यांनी, अडत्यांनी, काही शेतकऱ्यांनी ते घेतले. माझ्या आजोबांनीही थोडे घेतले. ते का घेतले, हे आमच्या घरात कोणालाच नीट सांगता येत नाही. आजी म्हणायची, शेठचा शब्द मोडवला नाही म्हणून. कागद ट्रंकेत गेले.

माझे वडील, आप्पा, मार्केटात एका अडतीवर दिवाणजी होते. त्यांच्या तोंडून ऐकलेले सांगतो. शेंगेचा भाव हातावर ठरायचा. पारखी माणूस पोत्यात हात घालायचा, मूठभर शेंगा कानाशी हलवायचा, एक फोडायचा, दाणा चिमटीत दाबायचा आणि तेल किती, ओल किती हे बोलून मोकळा व्हायचा. १९६६ मध्ये हाशम प्रेमजी अचानक वारले. त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता, तो शिक्षण अर्धवट सोडून परत आला. पहिल्याच वार्षिक सभेत एका भागधारकाने त्याला तोंडावर सांगितले की पोरा, तुझ्याने हे होणार नाही, कंपनी विकून टाक. त्याने विकली नाही. त्याने आणलेल्या बदलांपैकी एक म्हणजे शेंगेची खरेदी नमुना तपासून, मोजमाप करून होऊ लागली. आप्पांना ते आधी अजिबात रुचले नाही. "बोटाले जे समजस ते काट्याले काय समजी?" असे ते म्हणायचे. पण मला वाटते, आपल्या गावात संगणक येण्याआधी संगणकाची सवय आली ती इथून. अंदाज बाजूला ठेवायचा आणि आकडा लिहून काढायचा, ही ती सवय.

आता थोडे गावाबाहेर जाऊ. भारतात पहिला संगणक १९५५-५६ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, तो परदेशी होता. आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला पहिला मोठा संगणक मुंबईचा. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तो १९६० मध्ये सुरू झाला आणि १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' हे नाव दिले. १९६८ मध्ये टाटांनी टीसीएस काढली. पण कचेऱ्यांतून, कारखान्यांतून जे संगणक होते ते बहुतेक आयबीएमचे आणि तेही भाड्याने. जुनी यंत्रे इथे आणून लावायची आणि भाडे घेत राहायचे, अशी त्यांची पद्धत होती.

मग १९७७ आले. जनता सरकार, उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस. परकीय चलन कायद्याखाली कंपनीत परदेशी वाटा ४० टक्क्यांवर आणा, असा आग्रह धरला गेला. कोका कोलाने ऐकले नाही आणि ती गेली, हे आपल्याला बाटलीमुळे आठवते. आयबीएमनेही ऐकले नाही आणि १९७८ मध्ये तीही गेली, हे आपल्यापैकी कोणाच्या गावीही नव्हते. आपण तेव्हा तिसरीत होतो. पण देशात एक जागा रिकामी झाली. संगणक हवे होते, विकणारा निघून गेला होता आणि बाहेरून आणायचे तर प्रचंड कर. त्या रिकाम्या जागेत एचसीएल, डीसीएम आणि इतर काही कंपन्या शिरल्या, आणि त्यांच्यात होती अमळनेरची तुपाची कंपनी. १९७७ मध्येच तिचे नाव बदलून 'विप्रो प्रॉडक्ट्स' झाले होते. नावातला तुपाचा भाग गळला आणि उरली ती फक्त आद्याक्षरे.

विप्रोचा पहिला संगणक १९८१ मध्ये तयार झाला, इंटेलच्या ८०८६ या प्रोसेसरवर. तो कुठे तयार झाला? बंगळुरूला. सुरुवातीचे कामही तिथल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातच झाले.

बॅचच्या गप्पांत हा प्रश्न नेहमी निघतो: कंपनी आपली, पैसा आपला, मग संगणक तिकडे का? गावात याची निरनिराळी उत्तरे ऐकू येतात. पाणी नव्हते, पुढारी झोपले होते, विमानतळ नव्हता. माझे उत्तर साधे आहे. बंगळुरूला विज्ञान संस्था १९०९ पासून, विमानांचा कारखाना १९४० पासून, टेलिफोनचा कारखाना १९४८ पासून, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ पासून. सर्किट जोडणारा, तपासणारा आणि बिघडले तर उघडून बसणारा माणूस तिथे गल्लोगल्ली होता. आणि खान्देशात? १९८१ मध्ये जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत मिळून इंजिनिअरिंगची पदवी देणारे एकही कॉलेज नव्हते. आपल्याकडे पैसा होता, शेंग होती आणि प्रामाणिक दिवाणजी होते. यावर संगणक होत नाही. अमळनेरचे सोडा, पुण्याचीही तीच गत. इन्फोसिस जुलै १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि दोन वर्षांत तीही बंगळुरूला गेली.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्या निर्णयाला आजही लोक नावे ठेवतात आणि काही कॉलेजांबाबत ती योग्यही आहेत. पण धुळे, फैजपूर, बांभोरी इथे कॉलेजे उभी राहिली नसती, तर आपल्या बॅचचे निम्मे इंजिनिअर झालेच नसते. पुण्या-मुंबईला मुलाला ठेवण्याची ऐपत किती घरांत होती? धुळे एसटीने तास-सव्वा तास. डबा गावाहून जाऊ शकत होता, आणि काही जणांचा खरोखर जात होता.

मी आयुष्यातला पहिला संगणक धुळ्यालाच पाहिला. १९८८ असावे. आपला एक वर्गमित्र तिथे शिकत होता, त्याच्याकडे गेलो होतो. संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढायच्या, हात पुसायचे. आत थंडगार. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. त्याने माझे नाव टाइप केले, काहीतरी दाबले आणि कोपऱ्यातल्या प्रिंटरने करकर करत माझे नाव पन्नास वेळा छापले. मी विचारले, याने होते काय? तो म्हणाला, सध्या एवढेच. तो कागद मी बरीच वर्षे जपला. या मुलांच्या पदव्यांवर शिक्का मात्र पुणे विद्यापीठाचा. जळगावचे आपले विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजी झाले, त्याला आज बहिणाबाईंचे नाव आहे.

शाळांचे म्हणाल तर सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाची योजना काढून देशातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक दिले होते. आपली शाळा त्यात नव्हती. आपल्याकडे संगणक आला तो माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, पुष्कळ उशिरा. पुढे भारनियमनाच्या वर्षांत तो दिवसातून सहा-सात तास कापडाखालीच असायचा. कापड मात्र बाईंनी शिवलेले, कडेला लेस लावलेली होती.

इथे माझ्या नोकरीचे सांगितले पाहिजे, कारण संगणकाचा इतिहास मी प्रत्यक्ष पाहिला तो काउंटरच्या मागून. बँकांत संगणक आणण्यावर १९८३ मध्ये कर्मचारी संघटनांशी करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. नोकऱ्या जातील ही भीती खरी होती, आणि मी स्वतः त्या घोषणा दिल्या आहेत. म्हणून शाखेत पहिले यंत्र आले तेव्हा त्याला संगणक म्हणायचे नाही, 'लेजर पोस्टिंग मशीन' म्हणायचे, असा प्रकार होता. आमचे हेडक्लार्क फार काटेकोर. त्यांनी सहा महिने दोन्ही चालवले: दिवसभर मशीन आणि संध्याकाळी हाताने लेजर. रोज ताळा जुळायचा. एके दिवशी पंचवीस पैशांचा फरक आला. त्यांचा चेहरा उजळला. रात्री साडेआठपर्यंत शोधले, तेव्हा चूक हाताच्या बेरजेत निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी हाताचे लेजर बंद केले आणि त्यावर कधी काही बोलले नाहीत.

तिकडे सॉफ्टवेअरचा धंदा खऱ्या अर्थाने वाढला तो अडचणीतूनच. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवे संगणक धोरण आणले, आयात सोपी होत गेली, आणि १९९१ नंतर तर दारे उघडलीच. परदेशी संगणक स्वस्तात येऊ लागल्यावर इथे बांधलेल्यांना गिऱ्हाईक उरेना. पण दहा वर्षे स्वतःचे यंत्र बांधताना त्याच्या आतले सगळे लिहिणारे इंजिनिअर तयार झाले होते. विप्रोने त्यांचे कौशल्य परदेशी कंपन्यांना विकायला सुरुवात केली. यंत्र विकण्याऐवजी यंत्र जाणणाऱ्या माणसाचे तास विकायचे. याच काळात पुण्यात सी-डॅकने अकोला जिल्ह्यातल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक केला. ती अभिमानाची गोष्ट आहे, पण आपल्या मुलांना पोट भरायला मिळाले ते परममुळे नाही. ते मिळाले जुन्या प्रोग्राममधल्या दोन आकड्यांमुळे. जागा वाचवायला पूर्वी साल ९८, ९९ असे दोनच आकड्यांत लिहीत. ९९ नंतर ००, म्हणजे १९०० की २०००? ही चूक शोधायला आणि दुरुस्त करायला हजारो माणसे हवी होती. खान्देशातून पुण्याला गेलेली मुले पुढे परदेशी गेली ती याच लाटेवर. ३१ डिसेंबर १९९९च्या रात्री मी शाखेत बसून होतो, आणि तसाच आपला एक मित्र न्यू जर्सीत दुसऱ्याच बँकेच्या संगणकासमोर बसला होता. दोन्हीकडे काही झाले नाही. नंतर लोक म्हणाले, उगीच बाऊ केला. काही झाले नाही ते कशामुळे, हे त्याला विचारा.

आता शेअरची गोष्ट, जिच्यासाठी मला हा लेख दिला. ऑक्टोबर २००० मध्ये विप्रोची न्यूयॉर्कच्या बाजारात नोंद झाली, आणि अमळनेर हे कोट्यधीशांचे गाव म्हणून पेपरांत झळकू लागले. पत्रकार यायचे, चहाच्या टपरीवर विचारायचे, तुमच्याकडे किती? हिशेब असा आहे. १९९७ पूर्वी कोणाकडे १० रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर असेल, तर १९९७च्या बोनसने त्याचे ३ झाले. १९९९ मध्ये दर्शनी किंमत २ रुपये झाली, म्हणजे १५. २००४ मध्ये ४५, २००५ मध्ये ९०, २०१० मध्ये १५०, २०१७ मध्ये ३००, २०१९ मध्ये ४०० आणि २०२४च्या डिसेंबरात ८००. काहीही न करता, ट्रंक न उघडता.

आमच्या ट्रंकेत दहा रुपयांचे चाळीस होते. १९८८ मध्ये ताईचे लग्न ठरले. आप्पांनी ते कागद पलंगावर पसरले आणि म्हणाले, "या कागदस्नं काय करानं?" घरात कॉमर्स शिकणारा मी एकटाच. मी मोठ्या ऐटीत सांगितले की तेलाच्या कंपनीत आता काही राम नाही, संगणकाबिंगणकाच्या नादी लागली आहे, विकून टाका. हस्तांतराचा फॉर्म मीच भरला, सुंदर अक्षरात. आलेल्या पैशांत मांडव आणि जेवणे झाली. आज ते किमान ३२,००० शेअर असते. १९८८ ते ९७ मधले बोनस यात धरलेलेच नाहीत.

ताई आपल्याच शाळेची, १९८२ची बॅच. ही स्मरणिका तिच्या हातात पडणारच आहे. तिला आजवर वाटते की शेअर आप्पांनी तिच्या लग्नापायी विकले आणि त्याचे ओझे तिने पुष्कळ वर्षे वागवले आहे. सणासुदीला विषय निघाला की ती उठून आत जाते. तर ताई, लग्न दुसऱ्या पैशांतही झाले असते, सोसायटीचे कर्ज मंजूर झाले होते. सल्ला माझा होता.

ज्यांनी शेअर ठेवले त्यांच्यामुळे गावाला काय मिळाले? घरे झाली, शिक्षणे झाली, दवाखान्यांची बिले भागली, काही देणग्या आल्या. आपल्या शाळेच्या नव्या खोल्यांमागेही थोडा लाभांश आहे, हे देणाऱ्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितले आहे. कारखाना अजून आहे. पण दहावी झालेले पोर गाडीत बसते ते बसतेच. २००१ मध्ये एमकेसीएल निघाले आणि एमएससीआयटीचे क्लास गल्लोगल्ली झाले. त्यातून सरकारी नोकरीतल्यांना प्रमाणपत्र मिळाले, तहसीलच्या सातबाऱ्याला ऑपरेटर मिळाले, सायबर कॅफे आले आणि गेले. शेअरचा पैसा परत आला, संगणकाचे काम आले नाही.

एकदाच आले. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माझी मुलगी लॅपटॉप घेऊन पुण्याहून घरी आली. माडीवरच्या खोलीत आप्पांचा जुना उतरता डेस्क होता, त्यावर तिने बस्तान मांडले. इन्व्हर्टर घेतला, इंटरनेटची तार पत्र्यावरून ओढली. आजूबाजूच्या चार घरांत अशीच चार मुले होती. दुपारी तीननंतर त्यांच्या मीटिंगा सुरू व्हायच्या आणि आमच्या गल्लीत वरच्या मजल्यांवरून इंग्रजी ऐकू यायचे, खाली भाजीवाल्याची अहिराणी. हे दोन वर्षे चालले. २०२२ मध्ये कंपनीने बोलावले आणि ती परत गेली. इन्व्हर्टर आम्ही ठेवला आहे, डेस्क तिने मागितला आहे. संमेलनाला कोणी पुण्याहून मोठी गाडी घेऊन येणार असेल तर परतताना जागा ठेवा, फार मोठा नाही.